गालिचा पाठीमागून वाचावा: नवशिक्यांसाठी गालिच्यांची ओळख

गालिच्यांच्या दुकानात पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला विक्रेता जी नावे ऐकवतो, ती बहुतेक इराणमधल्या नाहीतर मध्य आशियातल्या गावांची असतात. हा काशान, हा तब्रीझ, हा केरमान, तो कोपऱ्यातला बुखारा. ऐकणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते, की गालिचा त्या गावाहून आला आहे. प्रत्यक्षात समोर उलगडलेला ‘काशान’ श्रीनगरच्या एखाद्या गल्लीत किंवा उत्तर प्रदेशातल्या भदोहीजवळच्या खेड्यात विणलेला असू शकतो, आणि तरीही विक्रेता खोटे बोलत नसतो, कारण व्यापारात हे नाव नक्षीचे असते, गावाचे नसते. बुखाऱ्याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. ज्या गालिच्यांना हे नाव चिकटले ते तुर्कमेन टोळ्यांनी विणलेले होते; बुखारा ही त्यांची विक्रीची पेठ होती, आणि पेठेचे नाव मालाला लागले.

म्हणून नवशिक्याने नक्षीपासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. नक्षीची नक्कल सहज होते आणि ती हजारो मैल प्रवास करते. गाठ मारण्याची रीत, ताण्याचा धागा, काठ वळवण्याची पद्धत या गोष्टी मात्र विणणाऱ्याच्या हाताच्या सवयीत असतात आणि सहसा जागा सोडत नाहीत. पुढील पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत: आधी पाठ, मग धागा, त्यानंतर नक्षी आणि शेवटी प्रदेश. सोबत एक मोजपट्टी, एक लहानसे भिंग आणि एक पांढरा सुती रुमाल असला की काम भागते.

पहिली पायरी: समोर आहे तो गालिचाच आहे का, हे ठरवा

मराठीत जाजम, सतरंजी, जमखाना, रुजामा आणि गालिचा हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात, पण विणकामाच्या दृष्टीने त्यांच्यात एक स्पष्ट रेषा आहे. सतरंजी किंवा जमखाना हे सपाट विणकाम असते; त्यात फक्त ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे असतात, आणि नक्षी बाण्याचे रंग बदलून तयार होते. गालिच्यात ताणाबाणा असतोच, पण त्याखेरीज ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची किंवा रेशमाची एकेक गाठ मारलेली असते. त्या गाठींची कापलेली टोके वर उभी राहतात आणि त्यांचीच लव बनते. सपाट विणकाम कमी प्रतीचे असते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या सीमेपलीकडे धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद येथे स्त्रिया जे जमखाने विणतात, त्यांच्यावरचे मोर आणि सोंगट्यांचे पट पाहिले की हा गैरसमज दूर होतो. त्या जमखान्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

लव असलेला नगही हाताने गाठी मारून केलेला असेलच असे नाही. तो उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड, म्हणजे कापडात यंत्राच्या साहाय्याने धागे घुसवून मागून डिंकासारख्या लॅटेक्सने पक्का केलेला नग आहे. तो घरात वापरायला चांगला असतो, स्वस्तही असतो, पण त्याला गाठींच्या गालिच्याची किंमत देऊ नये. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर समोरचीच नक्षी जवळपास तितकीच स्पष्ट दिसते आणि ओळी किंचित वाकड्यातिकड्या असतात. यंत्राच्या मागावरच्या नगाच्या पाठीवर नक्षी दिसली तरी ओळी पट्टीने आखल्यासारख्या एकसारख्या असतात.

दुसरी खूण दशांची आहे. लुगड्याच्या किंवा धोतराच्या टोकाला न विणलेले धागे सुटे राहतात त्यांना आपण दशा म्हणतो. गालिच्याच्या दशाही तशाच ताण्याच्या धाग्यांची टोके असतात. त्या गालिच्यातूनच बाहेर येत असतील तर ठीक. झालर वेगळी शिवून लावलेली असेल, तर तो नग टफ्टेड किंवा यंत्रावरचा असण्याची शक्यता मोठी, नाहीतर जुन्या गालिच्याची झिजलेली कड दुरुस्त केलेली असते.

दुसरी पायरी: गाठी मोजा

पाठीवर एक इंच लांबी आणि एक इंच रुंदी धरून दोन्हीकडच्या गाठी मोजाव्यात आणि गुणाकार करावा. येथे नवशिके हमखास एक चूक करतात. काही गालिच्यांत ताण्याचे दोन्ही धागे एका पातळीत असतात, तेव्हा एक गाठ पाठीवर दोन उंचवट्यांसारखी दिसते. ज्यांत एक धागा दुसऱ्याच्या मागे दाबलेला असतो, त्यांत तीच गाठ एकच उंचवटा दाखवते. पहिल्या प्रकारात प्रत्येक उंचवटा गाठ म्हणून मोजला तर आकडा दुप्पट येतो. यावर उपाय असा, की नक्षीतली सर्वांत बारीक उभी रेघ शोधावी आणि ती किती उंचवट्यांची आहे ते पाहावे. एका गाठीपेक्षा बारीक रेघ विणताच येत नाही, त्यामुळे ती रेघ दोन उंचवट्यांची असेल तर दोघांची मिळून एक गाठ धरावी.

काश्मिरी गालिच्यांत इंचाला 18 गुणिले 18, म्हणजे चौरस इंचाला 324 गाठी हे प्रमाण नेहमी आढळते. रेशमी नगांत 400 आणि त्याहूनही अधिक गाठी असतात. 324 गाठींचा सहा फूट बाय चार फुटांचा गालिचा घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ 3,456 चौरस इंच होते आणि गाठी होतात 11,19,744. सराईत विणकर दिवसाला सात-आठ हजार गाठी मारतो असे धरले, तर एका माणसाचे एकशे चाळीस दिवसांहून अधिक काम झाले. आणि यात आराखडा, रंगणी, ताणा लावणे, लव कातरणे, धुणे यांपैकी काहीच धरलेले नाही. किंमत ऐकून दचकण्याआधी हा हिशेब मनातल्या मनात करावा. भदोहीच्या बाजारात प्रतीसाठी 5/40, 9/60 अशा आकड्यांच्या जोड्या वापरतात. त्या तेथील मोजमापाच्या जुन्या रीतीतून आलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचा थेट गुणाकार करू नये. चौरस इंचाला गाठी किती, एवढे सरळ विचारावे आणि स्वतः मोजून पडताळावे.

गाठी जास्त म्हणजे गालिचा श्रेष्ठ, हे समीकरण मात्र सरसकट लागू पडत नाही. बारीक वेलबुट्टीला दाट गाठी लागतात. ठसठशीत भौमितिक नक्षीच्या खेडवळ गालिच्यात जाड लोकरीच्या साठ-सत्तर गाठीही शोभून दिसतात, आणि तो टिकतोही उत्तम.

तिसरी पायरी: गाठ कोणती, ते ओळखा

लव बोटांनी दोन्हीकडे सारून गाठीच्या मुळाशी भिंगातून पाहावे. तुर्की गाठीत धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांवरून गळपट्ट्यासारखा जातो आणि त्याची दोन्ही टोके त्या दोहोंच्या मधून एकत्र वर येतात. फारसी गाठीत धागा एका ताण्याला पूर्ण वळसा घालतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो, त्यामुळे टोके वेगवेगळी वर येतात. पहिली गाठ समतोल असते. दुसरी एका बाजूला झुकते, आणि म्हणून तिच्यात वळणदार वेल बारीक काढता येतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या नियमालाही अपवाद आहेतच, कारण तब्रीझचे कारागीर तुर्की गाठीत, आकडी असलेल्या सुरीच्या साहाय्याने, अत्यंत नाजूक वेली विणतात.

नावांचा घोळ येथेही सुटत नाही. फारसी गाठीला इंग्रजी ग्रंथांतून ‘सेने’ गाठ म्हणण्याची प्रथा पडली. सेने म्हणजे आजचे इराणी कुर्दिस्तानातले सनंदज शहर, आणि तेथे विणल्या जाणाऱ्या गालिच्यांत गाठ असते ती तुर्की! ज्ञात असलेला सर्वांत जुना अखंड गाठींचा गालिचाही तुर्की गाठीचाच आहे. तो 1949 मध्ये सैबेरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथील बर्फाने गोठलेल्या थडग्यात सापडला. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातला असूनही त्याच्या काठावरचे घोडेस्वार आणि सांबरे ओळखू येतात.

चौथी पायरी: धागा आणि रंग तपासा

ताणा सुती आहे, लोकरीचा आहे की रेशमी, हे दशांवरून कळते. शहरी कारखान्यांतून ताणा बहुधा सुती असतो, कारण सूत ताणले जात नाही आणि गालिचा चौकोनी राहतो. फिरस्त्या टोळ्यांकडे मेंढ्या असत, कापूस नसे, म्हणून त्यांचा ताणा लोकरीचा. त्यांचे माग जमिनीवर आडवे मांडलेले असत आणि मुक्काम हलला की विणकामासकट गुंडाळले जात. असा गालिचा एका टोकाला चार बोटे अरुंद निघाला, तर तो दोष न मानता मुक्काम हलल्याची खूण मानावी.

रेशमाच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त होते. एका प्रदर्शनात मी स्वतः ‘बांबू सिल्क’ या नावाला भुललो होतो. ते व्हिस्कोज असते, रेशमाशी त्याचा संबंध चकाकीपुरता. विक्रेत्याच्या परवानगीने दशीचा किंवा लवेचा एक तंतू घेऊन जाळून पाहावा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, तर व्हिस्कोज आणि सूत कागदासारखे जळतात. परवानगी नाकारली गेली, तर तेही एक उत्तरच समजावे.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून, पिळून, लवेवर मिनिटभर घासावा. रुमालाला रंग लागला तर गालिचा धुताना रंग पसरणार. मंजिष्ठेच्या कुळातील मुळांचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळसर हे जुने वनस्पतिज रंग. 1856 मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग मागांपर्यंत पोहोचले. एकाच रंगाच्या पट्ट्यात मध्येच फिकट-गडद छटा बदललेली दिसली तर घाबरू नये. तिला अब्राश म्हणतात. लोकरीची एक रंगणी संपून दुसरी सुरू झाली की असे होते. हल्ली मात्र जुनेपणाचा भास यावा म्हणून ती मुद्दाम घडवूनही आणतात.

पाचवी पायरी: आता नक्षी वाचा

मराठी वाचकाला ही पायरी अवघड जाऊ नये, कारण साडीचे काठ, पदर आणि अंग वेगवेगळे वाचायची सवय त्याच्या डोळ्यांना असते. गालिच्यातही आधी काठ पाहावेत: मधला रुंद मुख्य काठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी राखण करणारे बारीक काठ. काठ पाहताना कोपऱ्यावर थांबावे. वेल कोपऱ्यात डौलाने वळून पुढे गेली असेल, तर विणकरासमोर आधी आखलेला नकाशा होता. ती मध्येच तुटून आडव्या काठाची नक्षी नव्याने सुरू झाली असेल, तर विणकाम आठवणीतून झालेले आहे. शहर आणि खेडे, कारखाना आणि घर यांतला फरक कोपऱ्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग मधले अंग पाहावे. मधोमध मोठे पदक आणि चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश असतील, तर ही इराणी परंपरेतील ‘लचक-तुरंज’ मांडणी होय. एका टोकाला कमान असेल तर तो मिहराबाचा, म्हणजे नमाजाच्या गालिच्याचा आकृतिबंध आहे. चौकोनी वाफे आणि त्यांमधून वाहणारे पाट दिसले तर ती चारबाग आहे. चौकटीत मधोमध फूल आणि त्याच्या चारही बाजूंना वाकलेली लांब पाने अशी रचना सगळीकडे पसरलेली असेल, तर तिला हेराती म्हणतात. पानांच्या आकारावरून इराणात तिला ‘माही’, म्हणजे मासा, असेही नाव आहे. बोतेह म्हणजे आपली कोयरी. अष्टकोनी, ठोकळेबाज पदकांच्या रांगाच रांगा असतील तर तो तुर्कमेनांचा गुल, आणि पूर्वी प्रत्येक टोळीचा गुल निराळा असे.

प्रत्येक आकृतीला ठरावीक अर्थ सांगणारे विक्रेते भेटतील: हा हंस म्हणजे दीर्घायुष्य, तो डाळिंबाचा घड म्हणजे संतती. ऐकून घ्यावे. आकृती कोणती आणि ती कोणत्या भागात आढळते हे निश्चित सांगता येते. विणणारीच्या मनात काय होते, हे बहुतेक वेळा दुकानातच ठरते.

सहावी पायरी: प्रदेश ओळखायला शिका

काश्मीरपासून आरंभ करावा, कारण भारतीय खरेदीदाराच्या हाती उत्तम नग येण्याची शक्यता तेथेच अधिक. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीनने इराण आणि मध्य आशियातून कारागीर आणून हा उद्योग खोऱ्यात रुजवला, असे तेथील परंपरा सांगते. आज दिसणारा काश्मिरी गालिचा मात्र बऱ्याच अंशी शालींच्या पडझडीतून उभा राहिला. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर काश्मिरी शालींची युरोपातली बाजारपेठ कोसळली, आणि शालीचे विणकर गालिच्यांकडे वळले. येताना त्यांनी आपली लिपी सोबत आणली. तिला तालीम म्हणतात.

तालीम समजून घेतल्याशिवाय काश्मिरी गालिचा समजत नाही. नक्काश आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतो; मग तालीम लिहिणारा ती नक्षी ओळीओळीने खुणांत उतरवतो. प्रत्येक खूण दोन गोष्टी सांगते, रंग कोणता आणि त्याच्या गाठी किती. मागावर बसलेल्या विणकरांसमोर चित्र नसतेच, कागदाची अरुंद पट्टी असते, आणि प्रमुख कारागीर तिच्यावरच्या खुणा एका लयीत मोठ्याने वाचत जातो. गावात कीर्तनकाराच्या ओळीला टाळकऱ्यांनी साथ द्यावी, तसे बाकीचे हात चालवत त्याला साद देतात. नक्षी डोळ्यांनी न पाहता कानांनी ऐकून विणायची ही रीत असल्यामुळेच तीनशे-चारशे गाठींची गुंतागुंत एकाच मागावरचे दोन-तीन विणकर एकसारखी पेलू शकतात. अलीकडे तालीम संगणकावरूनही छापून निघते, पण खुणा त्याच राहिल्या आहेत. येथील गाठ फारसी. मांडणी बहुधा काशान, केरमान किंवा तब्रीझ परंपरेतील. आणि त्या जोडीला चिनाराची पाने, जीवनवृक्ष, शिकारीचे देखावे. काश्मिरी हातविणीच्या गालिच्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता तपासलेल्या नगांवर क्यूआर संकेत असलेले लेबल लावले जाते. ते मोबाइलवर उघडून पाहावे.

भदोही-मिर्झापूर हा पट्टा आकाराने सर्वांत मोठा आणि स्वभावाने सर्वांत लवचीक. येथे परदेशी खरेदीदार जो नमुना मागेल तो विणला जातो: बारीक फारसी, जाडसर लवेचा इंडो-नेपाळी, टफ्टेड, सतरंजी, सर्व काही. त्यामुळे केवळ नक्षीवरून भदोही ओळखण्याचा प्रयत्न फसतो. लोकर बिकानेरची किंवा तिच्यात न्यूझीलंडची मिसळलेली, ताणा सुती, लव काश्मिरीपेक्षा उंच आणि गाठी तुलनेने विरळ, अशी खूणगाठ बांधावी. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना मानांकन मिळाले 2010 मध्ये, आणि त्याच्या क्षेत्रात पूर्व उत्तर प्रदेशातील नऊ जिल्हे येतात.

आग्रा आणि जयपूरची परंपरा मुघल कारखान्यांशी जोडलेली आहे. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथील गालिचे विणणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. या परंपरेची स्वतःची म्हणावी अशी देणगी म्हणजे मोकळ्या पार्श्वभूमीवर एकेक सुटे, जिवंत वाटणारे फुलझाड, किंवा जाळीच्या चौकटींत बसवलेली फुले. एकोणिसाव्या शतकात येथे तुरुंगांतही गालिचे विणले जाऊ लागले. इंग्लंडमधील विंडसर राजवाड्यातील वॉटर्लू दालनाचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला आहे, आणि आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातही गालिच्यांचे माग होते. या स्वस्त मजुरीने स्वतंत्र विणकरांच्या पोटावर पाय येतो आणि कलेचा दर्जाही घसरतो, अशी टीका भारतीय हस्तकलांचे ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी त्याच काळात केली होती.

इराणी गालिचे भारतात क्वचित हाती येतात, तरी संग्रहालयांत पाहण्यासाठी मोजक्या खुणा लक्षात ठेवाव्यात. हेरिझचे पदक कोनदार, जणू कुऱ्हाडीने तासलेले. काशानचे गोलसर आणि रेखीव. कुमचे बहुतेक नग पूर्ण रेशमी. बख्तियारी गालिच्यांत चौकटी-चौकटींची बाग. काशान आणि फार्स येथील विणकामाची कौशल्ये 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1539-40 या सालाची नोंद विणलेला अर्दबीलचा गालिचा आहे. त्यात चौरस इंचाला सुमारे 340 गाठी आहेत, म्हणजे आजच्या चांगल्या काश्मिरी गालिच्याच्या तोडीच्याच. फरक इतकाच, की तो साडेदहा मीटर लांब आहे.

सातवी पायरी: खरेदी आणि निगा

घेण्याआधी गालिचा दोन्ही टोकांकडून पाहावा. लव एका दिशेला झुकलेली असल्यामुळे एका टोकाकडून तो उजळ आणि दुसऱ्या टोकाकडून गडद दिसतो. घरात उजेड कुठून येतो त्याप्रमाणे तो कसा अंथरायचा हे आधीच ठरवता येते. बिलावर हातगाठींचा, लोकरीचा की रेशमाचा, चौरस इंचाला गाठी किती आणि कोठे विणला, हे चारही तपशील लिहून घ्यावेत. बालमजुरी टाळल्याची हमी देणारी गुडवीव्ह किंवा कालीन यांसारखी लेबले असतील तर ती पाहावीत. गुडवीव्हची सुरुवात 1994 मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ या नावाने झाली होती.

निगेचे काम फारसे अवघड नाही. केर लवेच्या दिशेने काढावा आणि व्हॅक्यूमचा फिरता ब्रश वापरू नये. चहा सांडला तर घासू नये, सुती फडक्याने टिपून घ्यावा. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून अंथरावा, म्हणजे ऊन आणि पावले एकाच बाजूला पडत नाहीत. कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्याची. दमट हवेत लोकरीला कसर लागते आणि ती नेमकी पलंगाखालच्या, न हललेल्या भागात लागते. चार महिने गालिचा उचलून ठेवायचा असेल, तर तो आधी उन्हात पाठ वर करून सुकवावा, घडी न घालता गुंडाळावा, जुन्या सुती साडीत बांधावा आणि आत कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत. प्लॅस्टिकमध्ये मात्र गुंडाळू नये, कारण आत कोंडलेल्या दमटपणाने सुती ताणा कुजतो, आणि ताणा गेला की वरच्या लाखो गाठींना धरून ठेवणारे काहीच उरत नाही.